मॉनिटर वाजतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. आयसीयूत नर्स म्हणून काम करताना एक हाक मी रोज ऐकते, "सिस्टर, मशीन वाजतंय!" हाक मारणाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो. म्हणून आज या वाजण्याबद्दल बोलते.

हे मशीन म्हणजे मॉनिटर, पेशंटची नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन दाखवणारा. तो एकाच आवाजात ओरडत नाही. वैद्यकीय यंत्रांच्या इशाऱ्यांसाठी आयईसी ६०६०१-१-८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात घाईच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. सगळ्यात वरची लाल. दिवा भराभर उघडझाप करतो आणि आवाजाचे ठोके दहा पडतात : तीन, मग दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन. हृदय थांबलं, ठोक्यांची लय जीवघेणी बिघडली, की हा वाजतो. तेव्हा आम्ही हातातलं काम टाकून धावतो. मधली पिवळी. दिवा सावकाश लुकलुकतो, ठोके तीन. नाडी किंवा रक्तदाब त्या पेशंटसाठी लावलेल्या मर्यादेबाहेर गेला, की बहुधा ही वाजते.

खालच्या पायरीला एखाददुसरा ठोका, आणि दिवा न लुकलुकता लागून राहतो, पिवळा किंवा फिकट निळा. बोटाला लावलेला, ऑक्सिजन मोजणारा प्रोब निसटला, छातीवरची पट्टी सुटली, अशी कारणं असतात. याच पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. प्रोब निसटला की मशीनला ऑक्सिजन दिसतच नाही. मग ऑक्सिजन खरोखर उतरला तरी लाल दिवा लागणार कसा?

आमचेही कान थकतात, हे मान्य करते. पेशंट खोकला, कुशीवर वळला, हात गार पडले, तरी मशीन वाजतं. दिवसभर असं ऐकलं की मन आवाज गाळायला लागतं. याला अलार्म फटीग म्हणतात, आणि त्यातून खरा इशारा निसटू शकतो. म्हणून तुम्ही हाक मारली तर आम्हाला राग येत नाही. फक्त आवाज बंद करायचं बटण तुम्ही दाबू नका.

एका रात्री एका मुलाने ते दाबलं होतं, वडिलांची झोपमोड नको म्हणून. प्रोब गादीवर पडला होता. मी तो बोटाला लावला, तर ऑक्सिजनचा आकडा ८२ टक्के. ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना बोलावलं. आकडा ९४ वर येईपर्यंत तो मुलगा वडिलांचा हात धरून उभा होता.