राज्यात पहिला, पण कुठल्या राज्यात?

(दृश्य : पाइनचं दाट रान. रानात मधेच उघडी वाळू, पलीकडे हिरवा पट्टा, त्यापलीकडे पुन्हा वाळू.)

हा पाइन व्हॅली. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातला गोल्फ कोर्स. जॉर्ज क्रंप नावाच्या हॉटेलमालकानं १९१३ मध्ये ही वालुकामय जागा हाती घेतली आणि आपला वेळ, पैसा, सगळं इथेच ओतलं. १९१८ मध्ये तो वारला तेव्हा अठरापैकी चौदा होल (पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे होल) खेळण्याजोगे झाले होते. आज देशातल्या उत्तम कोर्सची यादी कुणीही काढो, पाइन व्हॅली वरच्या दोन-चारांत असतोच, आणि बरेचदा पहिला. न्यू जर्सीच्या यादीत तर पहिल्या जागेवर चर्चाच होत नाही.

पण फिलाडेल्फियाच्या गोल्फरांना विचारा. ते म्हणतील, हा कोर्स आमचा. क्रंप फिलाडेल्फियाचा. तो गेल्यावर राहिलेले होल पुरे करायला धावून आलेला ह्यू विल्सन तिकडचाच, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबचा कोर्स आखणारा. फिलाडेल्फियाच्या गोल्फ संघटनेत पाइन व्हॅली आजही आहे. मधे फक्त डेलावेअर नदी येते. नदीच्या अलीकडे न्यू जर्सी, पलीकडे पेनसिल्व्हेनिया. मेरियन पलीकडच्या यादीत, पाइन व्हॅली अलीकडच्या. एकाच मित्रमंडळींच्या गप्पांतून घडलेले दोन कोर्स एकमेकांशी कधी स्पर्धाच करत नाहीत, कारण यादी काढणाऱ्यानं नकाशावर राज्याची रेघ पाहिली, गोल्फची नाही.

प्रादेशिक क्रमवारीतला पहिला निर्णय हाच असतो, आणि तो कुठेही छापला जात नाही : प्रदेश म्हणजे नेमकं काय?

(दृश्य : जुन्या मासिकाची पानं उलटताहेत. कोर्सच्या नावांपुढे आकडे.)

या याद्यांची सुरुवात मुळात वेगळ्याच प्रश्नानं झाली. १९६६ मध्ये 'गोल्फ डायजेस्ट' मासिकानं अमेरिकेतल्या २०० कोर्सची यादी छापली. ती सर्वोत्तम कोर्सची नव्हती, सर्वांत कठीण कोर्सची होती. अवघडपणा आकड्यात मांडायची सोय तेव्हाही होती, त्यामुळे काम सोपं होतं. पण लांबलचक कोर्स आपोआप वर चढले, आणि आखूड पण डोकं लावायला लावणारे कोर्स मागे राहिले. मग शब्द बदलत गेले. १९६९ मध्ये यादी शंभरावर आली आणि तिथे 'कसोटी पाहणारे' असा शब्द आला. १९८५ पर्यंत 'कसोटी'ही गळली आणि उरला तो साधा शब्द, 'थोर'. एकोणीस वर्षांत एकाच यादीचा प्रश्न 'कठीण कुठला?' वरून 'चांगला कुठला?' वर आला. पहिल्याचं उत्तर मोजपट्टीनं देता येतं. दुसऱ्यासाठी माणसं लागतात.

इथे एक गल्लत बऱ्याच जणांची होते, ती दूर करू. कोर्सच्या गुणपत्रिकेवर 'रेटिंग' (अव्वल खेळाडूला किती फटके लागावेत) आणि 'स्लोप' (सामान्य खेळाडूला कोर्स त्याहून किती जड जातो) असे दोन आकडे छापलेले असतात. स्लोप ५५ ते १५५ यांच्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा मानतात. हे आकडे हँडिकॅपच्या, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याच्या, हिशेबासाठी असतात, कोर्सच्या दर्जाशी त्यांचा संबंध नाही. १४५ स्लोपचा कोर्स कंटाळवाणा असू शकतो.

(दृश्य : सकाळची वेळ. गाडीच्या डिकीतून बॅग निघते. एक माणूस खिशात छोटी वही ठेवतो.)

हा परीक्षक. मासिकाचा नोकर नाही. एरवी डॉक्टर असेल, वकील असेल, शिक्षक असेल. मोठ्या मासिकांकडे असे शेकडो, काहींकडे हजारांच्या वर परीक्षक असतात, आपापल्या सोयीनं फिरणारे. हा आज एक फेरी खेळेल आणि संध्याकाळी मतपत्रिका भरेल.

मतपत्रिकेवर काय असतं? 'गोल्फ डायजेस्ट'च्या पद्धतीत वेगवेगळ्या निकषांवर दहापैकी गुण द्यायचे असतात. त्यातला सगळ्यात वजनदार निकष बराच काळ 'शॉट व्हॅल्यूज' हा होता : कोर्स किती तऱ्हेचे फटके मागतो, जोखीम घेणाऱ्याला काही मिळतं का, ताकद, अचूकपणा आणि हातातलं कसब यांची सारखीच परीक्षा होते का. याचे गुण दुप्पट धरत. बाकी होते ते आखणीतलं वैविध्य, किती होल लक्षात राहतात, देखणेपणा, जमिनीची निगा. आणि अवघडपणा. तो मात्र अव्वल खेळाडूच्या नजरेतून, सगळ्यात मागच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या सगळ्यात लांबच्या जागेवरून. म्हणजे रोज त्या कोर्सवर खेळणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो कसा वाटतो, हे त्या रकान्यात कुणी विचारतच नव्हतं. पुढच्या टीवरून खेळणाऱ्या बायकांना, मुलांना, सत्तरीतल्या माणसाला तोच बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, कुठे आडवा येतो, ते तर नाहीच. मला या साऱ्या पद्धतीतली ही सर्वांत मोठी उणीव वाटते, आणि परीक्षकांत पुरुषांचाच भरणा असल्यानं ती लवकर लक्षातही आली नाही.

आता आकडेमोड. इथे जरा थांबायला हवं.

समजा एका राज्यातल्या कोर्सला १२ मतपत्रिका मिळाल्या. अकरा जणांनी दुप्पट वजनाच्या निकषाला आठ गुण दिले. बारावा त्या दिवशी पावसात खेळला, चेंडू घरंगळलाच नाही, त्यानं सहा दिले. फरक दोनाचा, दुप्पट केला की चार, बारांनी भागला की एक तृतीयांश गुण. प्रादेशिक यादीत शेजारच्या दोन कोर्समध्ये कित्येकदा एवढंही अंतर नसतं. राष्ट्रीय यादीत हेच मत शंभर मतांत मिसळलं तर फरक पडतो ०.०४ चा, म्हणजे जवळजवळ नाहीच. राज्याच्या यादीत यायला राष्ट्रीय यादीपेक्षा बरीच कमी मतं पुरतात. कमी ठेवावीच लागतात, नाहीतर विरळ वस्तीच्या राज्यांची यादीच होणार नाही. पण छापताना दोन्ही आकडे एकाच टायपात छापतात. राष्ट्रीय यादीतला सातवा आणि राज्याच्या यादीतला सातवा दिसायला सारखेच, त्यांच्यामागचा भरवसा मात्र सारखा नाही.

(दृश्य : टेबलावर कार्डं. एक हात ती वेगवेगळ्या गठ्ठ्यांत ठेवतो.)

'गोल्फ मॅगझिन'नं वेगळी वाट धरली. तिथे निकषच नाहीत. परीक्षक थोडे, पण जगभर फिरलेले. ते प्रत्येक कोर्स एका गठ्ठ्यात टाकतात : पहिल्या तिनांत, चार ते दहांत, अकरा ते पंचविसांत, असे खाली खाली. गुण नाहीत, कारणं नाहीत, फक्त जागा. यावर टीका होते की हा निव्वळ चवीचा मामला झाला. खरं आहे. पण दशांशाचा खोटा नेमकेपणा तरी इथे नाही. 'गोल्फवीक'नं तिसरंच केलं. १९६० च्या आधीचे कोर्स एकीकडे, नंतरचे दुसरीकडे. जुन्या कोर्सना इतिहासाची सावली लाभते, ती नव्यांवर पडू नये म्हणून.

आणि कोर्स आखणारे टॉम डोक यांची शून्य ते दहाची मोजपट्टी आहे, जी प्रदेशाच्या प्रश्नाला सरळ भिडते. सरासरी कोर्सला तिथे तीन मिळतात, त्यामुळे पाच म्हणजे चांगलीच दाद. सात म्हणजे शंभर मैलांच्या टापूत आलात तर बघून जावा असा. आठ म्हणजे त्या भागातल्या अत्युत्तमांपैकी एक, आणि इथेच डोक स्पष्ट करतात की काही भागांत असे आठवाले कित्येक असतील, काही भागांत एकही नसेल. क्रमवारीला ही कबुली देता येत नाही. प्रत्येक राज्यात कुणीतरी पहिला असावाच लागतो.

न्यूयॉर्क राज्य घ्या. शिनेकॉक हिल्स, नॅशनल गोल्फ लिंक्स, फिशर्स आयलंड, विंग्ड फूट, बेथपेज ब्लॅक. इथल्या आठव्या-दहाव्या क्रमांकाचा कोर्स उचलून एखाद्या लहान राज्यात ठेवला तर तो वर्षानुवर्षं पहिला राहील. लहान राज्यातल्या पहिल्या कोर्सच्या क्लबहाऊसमध्ये पाटी लागते, 'राज्यात पहिला'. न्यूयॉर्कच्या दहाव्याच्या भिंतीवर बहुधा काहीच नसतं.

(दृश्य : ओरेगॉनचा किनारा. वारा, लव्हाळी, समुद्रावरचं धुकं.)

आता दाराचा प्रश्न. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर बँडन ड्यून्स १९९९ मध्ये सुरू झाला. २००१ मध्ये पॅसिफिक ड्यून्स आला, मग बँडन ट्रेल्स, ओल्ड मॅकडॉनल्ड, आणि २०२० मध्ये शीप रँच. अठरा-अठरा होलचे पाच कोर्स एकाच रिसॉर्टचे, आणि राज्याच्या यादीचा वरचा भाग जवळजवळ त्यांच्याच नावावर. हे कोर्स खरोखर असामान्य आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते सर्वांसाठी खुले आहेत हेही तितकंच खरं. परीक्षक चार दिवस मुक्काम करतो आणि पाचही मतपत्रिका भरून परततो. त्याच राज्यातल्या खासगी क्लबात शिरायला मात्र सभासदाची ओळख लागते. तिथल्या मतपत्रिका थोड्या जमतात, आणि ज्या जमतात त्या यजमानाच्या पाहुणचारानंतर भरलेल्या असतात.

पाहुणचाराचा वाद जुनाच आहे. फेरी फुकट मिळावी का? जेवण? राहायची सोय? काही यादीकार परीक्षकाला पैसे भरूनच खेळायला सांगतात, काही क्लबवर सोडतात. १९९० च्या दशकात लास व्हेगासजवळचा शॅडो क्रीक 'गोल्फ डायजेस्ट'च्या राष्ट्रीय यादीत आला तो थेट आठव्या क्रमांकावर. कॅसिनोमालक स्टीव्ह विन यांनी टॉम फाझिओ यांच्याकडून वाळवंटात उभं करून घेतलेलं ते रान, जिथे तेव्हा विन यांच्या आमंत्रणाशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. केवढा गदारोळ झाला! कुणी म्हणालं, हा डामडौलाचा विजय. कुणी म्हणालं, माणसानं केवळ कल्पनेतून जमीन घडवली, तिला दाद का नको? मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच तो वाद अजून ताजा वाटतो.

(दृश्य : नेब्रास्का. क्षितिजापर्यंत गवताच्या टेकड्या. एकही झाड नाही.)

मलन नावाच्या छोट्या गावाजवळ बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी १९९५ मध्ये सँड हिल्स खुला केला. टेकड्या हिंडता हिंडता त्यांना शंभराहून अधिक होल जमिनीत जणू आधीच पडलेले दिसले. निवडायचे होते अठरा. माती फारशी हलवलीच नाही. हा कोर्स नेब्रास्काच्या यादीत पहिला आला आणि आडबाजूच्या त्या प्रदेशाकडे आखणीकारांचे डोळे वळले. पुढे डिस्मल रिव्हर, प्रेअरी क्लब झाले. तशाच वाळूच्या टेकड्यांचा एक तुकडा सीमेपलीकडे कोलोराडोत आहे. तिथे डोक यांनी २००६ मध्ये बॅलीनील केला. गवत तसंच, वारा तोच. पण बॅलीनीलची तुलना होते डेन्व्हरच्या जुन्या क्लबांशी आणि रॉकी पर्वतातल्या रिसॉर्टशी, ज्यांच्याशी त्याचं काहीच नातं नाही. याउलट मेलबर्नमध्ये लोक राज्याबद्दल बोलत नाहीत, 'सँडबेल्ट'बद्दल बोलतात. रॉयल मेलबर्न, किंग्स्टन हीथ, व्हिक्टोरिया : एका वाळूच्या पट्ट्यावरचे शेजारी. तिथला वाद कितीही तापला तरी सारखं सारख्याशी तोललं जातं. प्रादेशिक यादी काढायची तर अशी, जमिनीच्या हद्दीनं काढावी.

(दृश्य : ओकमाँट. जुना फोटो, झाडांनी भरलेला. मग आजचा, उघडा.)

याद्या कोर्सचं वर्णन करून थांबत नाहीत, कोर्स बदलून टाकतात. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँटमध्ये झाडं लावली गेली, कारण सुंदर कोर्स म्हणजे झाडांतला कोर्स असं तेव्हा मानत. १९९० च्या दशकात तीच झाडं काढायला सुरुवात झाली, आणि तीही पहाटे अंधारात, सभासद यायच्या आत. २००७ मध्ये तिथे झालेल्या गोल्फच्या यूएस ओपन स्पर्धेपर्यंत हजारो झाडं गेली होती. उघड्या जमिनीचे चढउतार पुन्हा दिसू लागले, आणि बाकीच्या क्लबांनीही करवती काढल्या. 'गोल्फ डायजेस्ट'च्या निगेच्या निकषातही अशीच उलथापालथ झाली. फेअरवे (टीपासून पुढचा, कापलेल्या गवताचा पट्टा) किती टणक, चेंडू किती वेगानं घरंगळतो, हे आता तिथे विचारतात. गडद हिरवा रंग म्हणजे उत्तम निगा हे समीकरण एका वाक्यानं मोडलं. पाणी कमी मारलेल्या, पिवळसर कोर्सला पहिल्यांदाच पूर्ण गुण मिळण्याची वाट झाली.

याद्यांचं वजन एवढं असतं, म्हणून मला प्रत्येक प्रादेशिक यादीच्या शेजारी दोनच रकाने हवे आहेत : किती मतं पडली, आणि वरच्या कोर्सशी अंतर किती. सातवा आणि आठवा यांत ०.०२ चा फरक असेल तर तसं छापा. वाचणारा समजूतदार असतो.

(दृश्य : तोच परीक्षक, गाडीत बसलेला. काचेवर पावसाचे थेंब. मांडीवर वही.)

फेरी संपली. सहाव्या होलपासून पाऊस होता. दहाव्या होलचा ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, त्याला फार आवडला, तेरावा अजिबात समजला नाही. आजवर या कोर्सला अकरा मतपत्रिका आल्या आहेत, हे त्याला माहीत नाही. पहिल्या रकान्यात तो आठ लिहितो, खोडतो, खिडकीतून तेराव्याच्या दिशेनं पाहतो आणि सात लिहितो.