दोन रुमाल आणि एक इंग्रजी शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या एसटी स्थानकावर संध्याकाळी जत किंवा विट्याची गाडी फलाटाला लागते न लागते, तोच खिडकीतून एखादा रुमाल, टोपी किंवा भाजीची पिशवी आत पडते, आणि दारातून रेटारेटी करत सर्वांत आधी वर चढलेला प्रवासीसुद्धा त्या जागेवर न बसता पुढच्या बाकाकडे सरकतो. रुमाल पडला म्हणजे जागा धरली गेली, हे कोणी कोणाला सांगितलेले नसते, तरी सगळी गाडी ते मान्य करते. (क्वचित भांडण होते, पण तेही रुमाल आधी कोणाचा पडला यावरून होते, रुमालाने जागा धरता येते की नाही यावरून नव्हे.) न बोलता झालेल्या अशा समजुतीला इंग्रजीत ‘टॅसिट अग्रीमेंट’ म्हणतात. आज मी या ‘टॅसिट’ शब्दाविषयी बोलणार आहे, कारण इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो वाचताना कळतो, पण लिहिताना हमखास चकवतो.

गप्प राहणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून हा शब्द आला आहे. तो बहुधा नामाच्या आधी येतो आणि त्याची सोबत ठरावीक नामांशीच असते: अग्रीमेंट, अप्रूव्हल, कन्सेंट, अंडरस्टँडिंग, सपोर्ट. समजा, मुलीला शिकायला पुण्याला जायचे आहे आणि घरात तो विषय निघाल्यावर वडील हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची ट्रंक खाली काढून, पुसून, ओसरीवर उन्हात ठेवतात. या प्रसंगी इंग्रजीत ‘हर फादर गेव्ह टॅसिट अप्रूव्हल’ असे वाक्य शोभते. मराठीत यासाठी मूकसंमती हा चांगला शब्द आहे, पण तो छापील आहे. घरात आपण एवढेच म्हणतो की बाबा काही बोलले नाहीत, आणि ऐकणाऱ्याला त्यातला होकार कळतो.

मी शिक्षकी पेशात नवा असताना एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते, ‘माय ग्रँडफादर इज अ टॅसिट मॅन.’ आजोबा मितभाषी आहेत, असे त्याला म्हणायचे होते. मितभाषी माणसाला त्याच मुळापासून निघालेला ‘टॅसिटर्न’ हा शब्द आहे. ‘टॅसिट’ समजुतीला, संमतीला किंवा पाठिंब्याला लावतात, माणसाला नाही. त्या वेळी मलाच याची खात्री नव्हती, म्हणून मी वाक्याखाली रेघ न मारता वही परत केली, आणि अशा रीतीने त्या चुकीला माझे टॅसिट अप्रूव्हल मिळाले.

आता दुसरा रुमाल. आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. जुन्या बैलबाजारांतले सौदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आठवेल की हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हातात हात घेत आणि बोटे धरून किंमत सांगत, त्यामुळे भोवती उभ्या असलेल्यांना आकडा कळत नसे. येथेही कोणी तोंडाने बोलत नाही, मग हा करार टॅसिट म्हणावा काय? माझ्या मते म्हणू नये. बोटांनी पक्का आकडा सांगितलेला असतो, समोरच्याने तो जसाच्या तसा घेतलेला असतो, आणि अध्याहृत असे त्यात काही उरत नाही. केवळ आवाजाची जागा स्पर्शाने घेतलेली असते. एसटीतल्या रुमालाने मात्र काहीच सांगितलेले नसते, सांगण्याची गरजच सगळ्यांनी मिळून काढून टाकलेली असते. म्हणजे टॅसिट ठरण्यासाठी आवाज बंद असणे पुरेसे नाही, मजकूरच उच्चारल्यावाचून मान्य झालेला असावा लागतो.

जनावरांच्या बाजाराचा विषय निघालाच आहे, तर १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातले, कपटासंबंधीच्या कलम १७ खालचे एक उदाहरण सांगतो, कारण या शब्दाचा अर्थ त्याच्याइतका नेमका मला दुसरीकडे सापडलेला नाही. एक माणूस आपला घोडा लिलावात विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो त्याविषयी काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो की हे कपट नव्हे. मात्र घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि त्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते. दोन्ही वेळा माणूस तितकाच गप्प आहे, परंतु पहिल्या वेळी त्याच्या गप्प राहण्याला काही अर्थ चिकटलेला नव्हता, आणि दुसऱ्या वेळी घेणाऱ्याने बोलून तो चिकटवला. ‘टॅसिट’ हे विशेषण या दुसऱ्या प्रकारच्या मौनाला लागते.

त्याचा शेजारी ‘इम्प्लिसिट’. त्याच्या लॅटिन मुळात घडी घालण्याची कल्पना आहे: जे घडीच्या आत राहिले ते इम्प्लिसिट, घडी उलगडून दाखवले ते एक्स्प्लिसिट. त्यामुळे इम्प्लिसिटसाठी आधी काहीतरी बोललेले किंवा लिहिलेले असावे लागते, ज्याच्या घडीत दुसरा अर्थ राहू शकेल. ‘लेकी बोले सुने लागे’ ही आपली म्हण घ्या. सासूबाई लेकीला म्हणतात, ‘अगं, एवढ्या उशिरापर्यंत झोपू नये,’ आणि सुनेला जे लागते ते त्या वाक्यात इम्प्लिसिट असते. सासूबाई गप्प बसलेल्या नाहीत, म्हणून येथे टॅसिट चालणार नाही. याच कुळातले ‘इम्प्लाय’ हे क्रियापद बोलणाऱ्याचे आहे, तर ‘इन्फर’ ऐकणाऱ्याचे: सासूबाई इम्प्लाय करतात, सून इन्फर करते. अर्ज लिहिताना पुष्कळजण ‘तुमच्या पत्रावरून मी असे इम्प्लाय करतो’ अशा थाटाचे वाक्य लिहितात; तेथे इन्फर हवे.

एक फसवी जागा मात्र राहिली. ‘आय ट्रस्ट हिम इम्प्लिसिटली’ या वाक्याचा अर्थ ‘माझा त्याच्यावर मनातल्या मनात विश्वास आहे’ असा करणारे अनेकजण मला भेटले आहेत. येथे तो शब्द निःशंक, संपूर्ण अशा अर्थाने येतो. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या अधिकारात घडी घालून ठेवावी आणि तपशील विचारू नयेत, अशा जुन्या धार्मिक वापरातून तो अर्थ आला. तेव्हा बँकेच्या साहेबांनी आपल्याविषयी असे लिहिले, तर वाईट वाटून घेऊ नये, त्यांनी मनापासून शिफारस केलेली आहे.

उद्या एसटीने निघालात आणि खिडकीतून रुमाल टाकलात, तर तिकीट काढेपर्यंतच्या वेळात एक गोष्ट ताडून पाहा. नुसते गाडीत चढून बसल्याने भाडे देण्याचे जे वचन आपण न बोलता देतो, त्याला त्याच करार अधिनियमाच्या कलम ९ मध्ये ‘इम्प्लाइड’ म्हटले आहे, कारण कायद्याच्या भाषेत शब्दांवाचून दिलेले वचन ते इम्प्लाइड. वकील मंडळी कृतीलाही घडी मानतात. आम्ही भाषेचे शिक्षक तेथे टॅसिट म्हणालो असतो.

नमस्कार.