सकाळचा नाश्ता आदल्या रात्रीच होतो

नमस्कार मंडळी! कुणाच्या गॅसवर चहा असेल, कुणी डबा भरत असेल, कुणी एका हाताने केस विंचरत ऐकत असेल, तर अजिबात थांबू नका हां, तुमचं काम चालू दे, मी आपली बोलते.

मी राहते भांडुपला, कामाला जाते फोर्टात, म्हणजे सकाळी पावणेआठला मी घराबाहेर पडलेली असते. आता अशा माणसाने नाश्त्यावर बोलावं म्हणजे जरा गंमतच आहे, कारण पहिली पाचसहा वर्षं माझा नाश्ता म्हणजे स्टेशनबाहेरचा वडापाव नाहीतर चहात बुडवलेली बिस्किटं. मग ॲसिडिटी झाली, अकराच्या सुमाराला डोकं दुखायला लागलं, तेव्हा म्हटलं आता घरी काहीतरी करायलाच पाहिजे. मोबाईलवर शोधलं तर सगळीकडे तेच, फक्त 10 मिनिटांत पौष्टिक नाश्ता! आणि खाली साहित्यात बारीक अक्षरात काय, तर रात्रभर भिजवलेले मूग. अरे, मग ती रात्र कोण मोजणार?

पण त्याच ओळीने मला शहाणं केलं. आपल्याकडचे जे चांगले नाश्ते आहेत ना, ते सकाळी होतच नाहीत, सकाळी फक्त शिजतात. खरं काम आदल्या दिवशी नाहीतर आदल्या महिन्यात झालेलं असतं.

आता भाजणीच घ्या. आजकाल इन्स्टंट मिक्स म्हणून पाकिटं मिळतात, आमच्या आजीकडे ते ॲल्युमिनियमच्या डब्यात असायचं. माझं प्रमाण सांगते, लिहून घ्या. ज्वारी 2 वाट्या, बाजरी 1, तांदूळ 1, चणाडाळ 1, मग अख्खे मूग, उडीदडाळ, गहू आणि धणे हे सगळं अर्धी अर्धी वाटी, आणि 2 चमचे जिरं. प्रत्येक गोष्ट वेगळी भाजायची आणि मंद गॅसवर, कारण डाळीला लागतो वेगळा वेळ आणि जिऱ्याला वेगळा, एकत्र टाकलंत तर जिरं काळं होतं आणि चणाडाळ कच्चीच राहते. खमंग वास आला की उतरवायचं, पूर्ण गार करायचं आणि मगच गिरणीत न्यायचं. गिरणीवाल्या भैयाला आधी विचारायचं की आत्ता काय दळलंत, आधी कुणाची लाल मिरची दळलेली असेल तर आपली भाजणी उद्या दळली तरी चालेल! सव्वा-दीड किलो पीठ होतं, घट्ट झाकणाच्या डब्यात महिना-दीड महिना आरामात राहतं. पावसाळ्यात मात्र थोडी कमीच करा, आपल्या मुंबईच्या हवेत मीठसुद्धा पाणी सोडतं तिथे पिठाचं काय.

तर रात्री काय करायचं, 2 वाट्या भाजणीत तिखट, हळद, तीळ, मीठ कोरडंच मिसळून ठेवायचं. कांदा आणि कोथिंबीर चिरून वेगळ्या डब्यात फ्रीजमध्ये. कांदा रात्रीच पिठात घालू नका, त्याला पाणी सुटतं आणि सकाळी पीठ इतकं सैल होतं की थालीपीठाऐवजी धिरडीच घालावी लागतात, मी घातलीयत. सकाळी सगळं एकत्र करून कोमट पाण्याने मळायचं, गार तव्यावर तेलाचं बोट फिरवून थेट तव्यावरच थापायचं, मधे भोकं पाडून त्यात थेंब थेंब तेल सोडायचं आणि झाकण. दुसऱ्या थालीपीठाला तवा गरम असतो ना, मग हात भाजतो, म्हणून तवा उपडा करून त्याची पाठ नळाखाली धरायची, चर्रर्र आवाज येतो आणि दोन मिनिटांत तवा थापण्याजोगा होतो. फक्त नॉनस्टिकला हे करू नका, तो वाकतो, त्याच्यासाठी ओल्या फडक्यावर थापा. वर लोण्याचा गोळा असेल तर मग काय, आणि दही असेल तरी पळतंय.

मुगाचं सांगायचं राहिलंच की. मूग म्हणजे शाकाहारी माणसाचा मोठा आधार, 100 ग्रॅम कोरड्या मुगात साधारण 24 ग्रॅम प्रोटीन असतं. 1 वाटी हिरवे मूग, 2 चमचे तांदूळ, आलं, मिरची, जिरं एवढं वाटलं की धिरड्याचं पीठ तयार, आंबवायची भानगड नाही. आंध्रात ह्यालाच पेसरट्टू म्हणतात आणि तिकडे त्याच्या पोटात उपमा भरून देतात. तर मी मोठ्या उत्साहाने रात्री मूग भिजवले आणि पहाटे साडेपाचला मिक्सर लावला. दुसऱ्या मिनिटाला बेल! खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या, म्हणाल्या, अगं काय पाडतेयस का घर? तेव्हापासून मूग मी सकाळी कामावर निघताना भिजत घालते, संध्याकाळी आल्यावर वाटते आणि पीठ फ्रीजमध्ये ठेवते, दोन दिवस सहज चालतं. सकाळी फक्त मीठ आणि तवा.

पोह्यांबद्दल मी काही शिकवायला गेले तर तुम्ही रेडिओ बंद कराल. एवढंच म्हणते, जाडे पोहे पातेल्यात बुडवून ठेवू नका, चाळणीत धुवा आणि दहा मिनिटं तसेच निथळत ठेवा, मीठ, साखर तेव्हाच लावा. आणि लिंबू नुसतं चवीला नाहीये बरं का, धान्यातलं आणि कडधान्यातलं लोह शरीरात नीट शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं. ह्याच्या उलट चहा, त्यातली टॅनिन्स हेच लोह अडवतात. म्हणजे आपण पोह्यांवर लिंबू पिळतो आणि लगेच वर कपभर चहा ढोसतो, एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं! चहा तासभर आधी नाहीतर तासभर नंतर घ्या. मला माहितीये तुम्ही ऐकणार नाही, आमच्या घरात पण कुणी ऐकत नाही.

गॅस संपला असेल तर दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, वरून नारळाचं पाणी शिंपडायचं आणि झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं दडपून ठेवायचे, म्हणून तर दडपे. फोडणी घातली तर उत्तमच, नाही घातली तर कच्चं तेल. आमच्या रत्नागिरीकडच्या मामी हे इतक्या झटकन करायच्या की पाहुण्याची चप्पल काढून होईपर्यंत बशी समोर!

घरात आजीआजोबा असतील, दात कुरकुरत असतील, तर नाचणीची आंबील करा. रात्री 3 चमचे नाचणीचं पीठ अर्धा पेला ताकात कालवून बाहेरच झाकून ठेवायचं, सकाळपर्यंत छान आंबतं, मग उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, गार झालं की वरून अजून ताक, मीठ, जिरेपूड. 100 ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दुधात तेवढ्याच वजनाला साधारण 120. 2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हा मॉलमध्ये नाचणीच्या कुकीज आल्या, महागड्या, आणि आत साखर बघाल तर बापरे. त्यापेक्षा गिरणीतून अर्धा किलो दळून आणा.

इडलीचं थोडक्यात. मुंबईत मे महिन्यात पीठ सहा-सात तासात टोपाबाहेर येतं, जानेवारीत मात्र रुसून बसतं, तेव्हा टोप ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवा.

आणि उरलेली पोळी! कुस्करून कांदा, शेंगदाणे, कढीपत्त्याच्या फोडणीत टाका, वर पाण्याचा हबका मारा, एक वाफ आणा. ह्याला कुणी शिळं म्हणून नाक मुरडलं तर सरळ त्याला उपाशी ठेवा. भात उरला असेल तर मात्र तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका हां, आपल्या उकाड्यात त्यात जंतू वाढतात आणि काही जंतूंचं विष सकाळी परतलं तरी जात नाही. जेवणं झाली की भात जरा निववून लगेच फ्रीजमध्ये, सकाळी फोडणीचा भात.

चला, मला तिकडून हात दाखवतायत, वेळ संपत आली. माझे मूग घरी पाण्यात पडलेत, संध्याकाळी सातच्या आत मिक्सर लावायचाय, कारण साडेसातला काकूंची सिरीयल सुरू होते. नमस्कार.