मॉरिशस, समुद्राकडे पाठ करून

(आकाशातून. निळ्या पाण्यात हिरवं बेट, भोवती फेसाची पांढरी रेघ.)

विमान उतरायला लागलं की खिडकीतून ही पांढरी रेघ बघा. मॉरिशसच्या किनाऱ्याचं सगळं सुख त्या रेघेवर अवलंबून आहे.

तिथं पाण्याखाली प्रवाळाचं कडं आहे, सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचं, जवळजवळ सगळ्या बेटाला वेढणारं. हिंदी महासागराच्या लाटा दुरून धावत येतात आणि किनाऱ्याच्या बऱ्याच आधी या कड्यावर फुटतात. आत उरतं ते लगून. उथळ, कोमट, तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी. पायाखालची पांढरी वाळूसुद्धा मुख्यतः प्रवाळाचीच, समुद्रानं दळून बारीक केलेली. गणपतीपुळ्याच्या पाण्याची धास्ती ज्यांच्या मनात लहानपणापासून आहे, अशी माणसंही इथं निर्धास्तपणे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात.

(कट. काळा कडा, उसळणाऱ्या लाटा.)

हे कडं नसतं तर काय झालं असतं, ते बघायला दक्षिणेला ग्री ग्रीला जा. इथं प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. लाट थेट काळ्या बेसॉल्टवर आदळते, आणि उभं राहून बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. पोहायचं नाही, कड्याच्या टोकाला जायचं नाही, फक्त बघायचं. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आं-फ्लाकच्या शांत पाण्यात एक दिवस घालवून मग इथं या. प्रवाळानं या बेटासाठी काय केलंय, ते कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

बेट केवढं? १,८६५ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला या टोकाहून त्या टोकाला आरामात पोहोचता येतं. आणि तरीही कित्येक पाहुणे विमानतळावरून रिसॉर्टमध्ये जातात आणि रिसॉर्टमधून विमानतळावर परततात. त्यांनी पाहिलेला समुद्र खराच सुंदर असतो. पण मॉरिशस त्यांच्या पाठीमागे राहून जातं.

(ब्लू बे. काचेच्या तळाची बोट, खाली प्रवाळ.)

आधी पाणी. तेही नीट बघितलं पाहिजे.

आग्नेयेला ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान आहे. पोहता येत नसेल तर काचेच्या तळाची बोट घ्या, येत असेल तर स्नॉर्केलिंग करा. मेंदूसारख्या वळ्या असलेले प्रवाळाचे गोळे, फांद्यांचे झुडपासारखे प्रवाळ, त्यातून ये-जा करणारे पट्टेदार मासे. एकच गोष्ट जपायची: पाय खाली टेकायचा नाही. जो दगड वाटतो तो जिवंत प्राण्यांचा समूह असतो, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर किंवा सेंटीमीटर वाढणारा. समुद्राचं पाणी तापलं की हे प्रवाळ आधीच पांढरे पडतात. त्यांच्यावर आपलं वजन कशाला?

पश्चिमेला तामारेंच्या उपसागरात पहाटेपासून बोटींची रांग लागते, डॉल्फिन बघायला. स्पिनर डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी या शांत पाण्यात विश्रांतीसाठी येतात. त्यांच्या अंगावर बोटी घालणं, पाण्यात उड्या मारून त्यांच्यामागे जाणं म्हणजे झोपलेल्याला हलवून जागं करणं. लांब थांबणारा, इंजिन बंद करणारा नावाडी शोधा. डॉल्फिन तेव्हाही दिसतात, आणि जास्त वेळ दिसतात.

कधी जायचं? मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे. आपला उन्हाळा संपत येतो तेव्हा तिथं थंडी सुरू होते. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखाची. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारे जोरात असतात, तेव्हा पूर्व किनारा फडफडतो आणि पश्चिम किनारा आडोशाला राहतो. मुक्काम त्याप्रमाणे निवडा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा मुख्य काळ.

(इल ओ झेग्रेत. छोटं, सपाट, झाडीनं भरलेलं बेट.)

ब्लू बेपासून जवळच आहे इल ओ झेग्रेत. फक्त २६ हेक्टरांचं बेट. मला विचाराल तर सगळ्या मॉरिशसमधला हा सर्वांत मोलाचा फेरफटका.

डोडो पक्षी मॉरिशसचा, हे सगळ्यांना माहीत असतं. डच इथं १५९८ साली आले. डोडो शेवटचा दिसल्याची सर्वमान्य नोंद १६६२ची. एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात एक जात संपली. माणसांनी मारले, पण त्याहून जास्त घात जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी केला. जमिनीवर घातलेलं अंडं त्यांच्या तावडीतून वाचलंच नाही. इथली मोठी कासवंही संपली. एबनीची काळीभोर लाकडं तोडून जहाजांत भरली गेली.

इल ओ झेग्रेतवर ते जुनं जंगल परत उभं करायचं काम चालू आहे. उंदीर काढून टाकले. परकी झाडं उपटली. आणि सेशेल्सच्या अल्दाब्राहून आलेली महाकाय कासवं सोडली. ती का? एबनीची फळं कासवानं खाल्ली की बी त्याच्या पोटातून जाऊन दुसरीकडे पडतं आणि चांगलं रुजतं. जे काम इथलं संपलेलं कासव करायचं, ते आता हा नातेवाईक करतो.

(फांदीवर गुलाबी छातीचं कबूतर.)

आणि हे बघा. मॉरिशसचं गुलाबी कबूतर. १९९१च्या सुमारास जंगलात अशी जेमतेम दहा उरली होती. आज काहीशे आहेत. मॉरिशसचा छोटा ससाणा तर १९७४ साली चारांवर आला होता, जगभरात मिळून चार. अंडी उबवून, पिल्लं हातानं वाढवून, घरटी राखून माणसांनी ही पाखरं परत आणली. डोडोच्या देशात हे घडलं, म्हणून त्याचं अप्रूप जास्त.

याच किनाऱ्यावर २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं. काही दिवसांनी त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडलं. तेव्हा गावोगावची माणसं किनाऱ्यावर आली. उसाचं पाचट कापडात भरून, शिवून, लांबच लांब तरंगते बांध केले आणि तेल अडवलं. बायका-पुरुषांनी केस कापून दिले, कारण केस तेल शोषतात. इल ओ झेग्रेतवरची दुर्मिळ रोपं आणि काही पक्षी मुख्य बेटावर हलवावे लागले. आज तिथं पाणी पुन्हा निळं दिसतं. त्या पाण्यात उतरताना त्या हातांची आठवण ठेवावी, एवढंच.

(रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस.)

आता समुद्राकडे पाठ करा.

आत शिरलं की ऊस. आणि उसाच्या फडात मध्येच काळ्या दगडांचे मोठाले ढीग. हे बेट ज्वालामुखीतून वर आलं आहे, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर एकेक दगड उचलून बाजूला रचावा लागला. ते दगड उचलणारे हात आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे होते, आणि १८३५ साली गुलामी संपवण्यात आली त्या सुमारापासून हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या मजुरांचे. गाडी थांबवून एकदा त्या ढिगाजवळ उभं राहा.

(पोर्ट लुई. दगडी पायऱ्या.)

राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात अप्रवासी घाट आहे. २००६ पासून जागतिक वारसास्थळ. दिसायला फार काही नाही: थोड्या दगडी इमारतींचे अवशेष, आणि सोळा पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी मॉरिशसला उतरली. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली. घाटावर उतरायचं, या पायऱ्या चढायच्या, एक-दोन दिवस थांबायचं, नोंद व्हायची, आणि मग ऊसमळ्याकडे रवानगी. जहाजं कलकत्ता आणि मद्रासहून येत, तशी मुंबईहूनही. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरीकडची माणसं होती. त्यांची नोंदवह्यांतली नावं आज मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत, आणि मॉरिशसची माणसं आपला खापरपणजोबा कोणत्या गावचा, ते शोधायला तिथं जातात.

घाटापासून चालत मध्यवर्ती बाजारात जा. भूक लागलीच असेल.

(तवा. पातळ पोळी फुगते.)

ही ढोल पुरी. बिहारहून आलेली दालपुरी, इथं येऊन पातळ आणि मऊ झाली. आत वाटलेल्या पिवळ्या डाळीचं सारण, हळद-जिऱ्याच्या वासाचं, गुळाविना केलेल्या पुरणपोळीसारखं. कायम जोडीनं मिळते, मध्ये पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय आणि तिखट चटणी. गुंडाळी करून कागदात देतात, उभ्यानं खायची. शेजारी गातो पिमां, म्हणजे डाळीचे छोटे वडे, पावात घालून. वर थंडगार आलूदा, दूध-सब्जाचा. छोटा व्हिक्टोरिया अननस देठ धरून खायचा, मीठ-मिरची लावून. रिसॉर्टच्या बुफेमध्ये हे असतंही कधीकधी, पण बाजारातल्या गाडीवरची चव त्याला नाही. शाकाहारी माणसाची इथं चंगळ आहे.

(ल मोर्न. समुद्रातून उठलेला उभा डोंगर.)

नैऋत्य टोकाला ल मोर्न. ५५६ मीटर उंच, तिन्ही बाजूंनी सरळ कडे. पळून गेलेले गुलाम या डोंगराच्या माथ्यावर आणि गुहांमध्ये लपून राहत. इथली लोककथा सांगते की गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले, वरच्या माणसांना वाटलं पकडायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ साली हाही जागतिक वारसा झाला. गुलामी संपल्याच्या आठवणीसाठी १ फेब्रुवारीला देशभर सुट्टी असते.

वर चढता येतं. पहिला टप्पा सोपा, रुंद वाटेचा. पुढे हात टेकत खडक चढावा लागतो. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला जड जाणार नाही, पण सवय नसेल तर पहिल्या टप्प्यावरून मागे वळा, दृश्य तिथूनही पुरेसं आहे. उजाडताच निघा, नऊनंतर खडक तापतात. याच डोंगरापुढच्या समुद्रात तो प्रसिद्ध ‘पाण्याखालचा धबधबा’ दिसतो. धबधबा नाही तो: लगूनच्या काठावरून वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे घसरत जातात, आणि वरून पाहताना पाणीच कोसळतंय असा भास होतो. फक्त हवेतूनच दिसतो, आणि हेलिकॉप्टर महाग आहे. मी तरी ते पैसे इल ओ झेग्रेतला आणि ढोल पुरीला लावीन.

जवळच शामारेल. तिथली सात रंगांची माती म्हणजे कुजलेला बेसॉल्ट, लोह आणि अ‍ॅल्युमिनिअमच्या प्रमाणानुसार तांबडा, तपकिरी, जांभळा झालेला. अर्ध्या तासात बघून होते. त्याहून वेळ द्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलाला. तिथल्या पायवाटांवर हिवाळ्याच्या तोंडावर लालचुटूक बारके पेरू पिकतात, आणि सगळी गावं ते तोडायला येतात. झाड परकं आहे, मूळ जंगलाला घातक. म्हणून भरपूर खा.

वर डोंगरात गंगा तलाव, विवराचं सरोवर. काठावर ३३ मीटर उंचीचा महादेव. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसं कावडी घेऊन चालत इथं येतात, आणि वाटेवर धर्म न विचारता त्यांना पाणी-फळं दिली जातात.

(रविवार. सुरूची झाडं, चटया, पातेली.)

रविवारी मात्र समुद्रावर या, पण सार्वजनिक किनाऱ्यावर. मों श्वाझी किंवा बेल मार. आपल्याकडच्यासारखीच सुरूची बनं. त्यांच्या सावलीत अख्खी कुटुंबं पातेल्यांसकट येऊन बसतात. दुपार कलली की कुणीतरी रावान काढतं. बकरीच्या कातड्याचा मोठा डफ, आधी शेकोटीवर शेकून ताणायचा आणि मग वाजवायचा. सेगा सुरू होतो. पाय वाळूवरून न उचलता घासत नाचायचं. हॉटेलांत रंगीत झग्यांचा सेगा दाखवतात, पण गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेलं हे गाणं असं, कुणासाठी न सजवता, ऐकावं.

(ढोलकी. झांजा. गोल रिंगण.)

आणि जमलंच तर गणेशचतुर्थीला जा. ऑगस्ट-सप्टेंबर, हवा उत्तम. मॉरिशसमध्ये त्यासाठी राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि ती बहुधा दुसऱ्या दिवशी येते, विसर्जनाच्या. कास्कावेलसारख्या गावांत मराठी घरं आहेत. घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात, शाळेत मराठी शिकतात. पण मिरवणुकीत जे रिंगण धरतात ते कोकणातल्या जाखडीचं. पणजोबांनी बोटीतून आणलेलं, इतक्या पिढ्या पायांत टिकलेलं. तुम्ही मराठी आहात म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो: कुठल्या गावचे? पत्ता नीट सांगा, तालुक्यासकट. त्यातल्या कुणाचं तरी गाव तुमच्या शेजारचं निघू शकतं.