वर्तुळ बघून ओळखा

पडद्यावर एक वर्तुळ आहे. वस्तू कोणती? चेंडू म्हणाल, तर बरोबर. पण नळकांडं किंवा शंकू म्हटलंत, तरी चूक काढता येणार नाही. वरून बघितलं की तिन्ही गोलच दिसतात.

आता या वर्तुळाच्या वर, समोरून दिसणारा आकार काढू. त्रिकोण आला, म्हणजे शंकू. आयत आला असता, तर नळकांडं. दोन सपाट चित्रं जोडून वाचली आणि घनवस्तू उभी राहिली. इंजिनिअरिंग ड्रॉइंग, म्हणजे वस्तू बनवण्यासाठीचं चित्र, असंच वाचतात.

फोटोत दूरची कड आखूड दिसते. ड्रॉइंगमध्ये नजरेच्या सगळ्या रेषा समांतर धरतात, त्यामुळे समोर येणाऱ्या पृष्ठाची मापं खरी उतरतात. ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी, 18व्या शतकात. मेझिएरच्या लष्करी शाळेत किल्ल्याच्या तटबंदीचं किचकट गणित त्यांनी रेषांनी सोडवलं. इतक्या झटपट, की आधी त्यावर विश्वासच बसेना. पुढे हे तंत्र अनेक वर्षं लष्करी गुपित राहिलं. मोंज यांनी त्यावर जाहीर व्याख्यानं दिली ती 1795 मध्ये.

मघाशी वरचं दृश्य आपण खाली ठेवलं. उलटं वाटलं ना? दृश्यं मांडायच्या या पद्धतीला फर्स्ट अँगल म्हणतात. यात वस्तू डोळा आणि कागद यांच्या मध्ये असते, म्हणून वरून दिसणारं खाली पडतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. भारतात आणि युरोपात बहुतेक हेच चालतं. अमेरिकेत थर्ड अँगल: वस्तूपुढे काच धरावी तसं, वरचं वर, डावं डावीकडे. नवशिक्याला हे सोपं वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते सोपं आहेही! कोणती पद्धत वापरली, हे कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगची माहिती लिहिलेल्या चौकटीतलं) छाटलेल्या शंकूचं चिन्ह सांगतं. ते न बघता काम सुरू केलं, तर उजवीकडचं भोक डावीकडे पडायचं.

रेषांनाही अर्थ असतो. जाड सलग रेष म्हणजे दिसणारी कड, तुटक म्हणजे आत लपलेली. लांब-आखूड अशी साखळीरेष म्हणजे मध्यरेषा. तुटक रेषांचं जंगल झालं की वस्तू कापल्याचं कल्पून आतलं दृश्य, म्हणजे सेक्शन, दाखवतात आणि कापलेल्या भागावर तिरप्या रेषांचं हॅचिंग करतात.

आणि माप? ते वाचायचं, कागदावर पट्टी लावून मोजायचं नाही. स्केल 1:2 असेल, तर कागदावर रेष 20 मिलिमीटर, पण आकडा लिहिलेला 40. सोबत ± 0.1 असेल, तर 39.9 ते 40.1 मधलं काहीही चालतं.

याच मापाचा शाफ्ट (गोल दांडा) 40.08 निघाला? पास. 40.12? पुन्हा लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) चढवा, थोडा धातू उतरवा. 39.88 निघाला, तर मात्र भंगारात.