ओहोटी, उणे गुणिले उणे आणि चार वर्षांची पदवी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘माध्यमिक शाळेत गणित शिक्षक होण्यासाठी एकत्रित पदवी’. पुढे बारावीची मुलं बसलीत, शेजारी त्यांचे आईबाबा, आणि मागच्या रांगांत निवृत्त गुरुजी मंडळी. मुलांना अर्ज कुठे आणि कसा भरायचा ते हवंय. ते सांगतो. पण बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र देणारी ही चार वर्षांची पदवी हवी कशाला हे समजलं नाही, तर अर्ज भरून उपयोग नाही. म्हणून आधी ते.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. गणित आणि गणित शिकवणं या दोन गोष्टी एकाच आठवड्यात शिकायला हव्यात.

उदाहरण घेऊ. सातवीत पूर्णांक संख्यांचा गुणाकार येतो. उणे गुणिले उणे अधिक. मुलं पाठ करतात. कोणी तरी विचारतं, का? आता रत्नागिरीत वर्ग आहे म्हटल्यावर शिक्षकाने फळ्यावर समुद्र काढावा. ओहोटी चालू आहे, पाणी तासाला ४० सेंटिमीटर उतरतंय, म्हणजे दर उणे ४०. तीन तासांनी पाणी कुठे? १२० खाली. तीन तासांपूर्वी कुठे होतं? ‘पूर्वी’ म्हणजे उणे ३. पाणी १२० वर होतं. उणे ४० गुणिले उणे ३ बरोबर अधिक १२०. मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो.

तेवढ्यात मिरकरवाड्यातला एखादा पोरगा उठतो. घरी होडी असते, पाणी त्याच्या रोजच्या बघण्यातलं. तो म्हणतो, “सर, पाणी सारखं नाय उतरत. आधी हळू, मग जोरात, मग परत हळू.” खरी परीक्षा इथे आहे. पोराचं शंभर टक्के बरोबर आहे. दर्यावर्दी लोक हे बाराव्या हिश्श्यांनी मोजतात. ओहोटीचे साधारण सहा तास धरायचे आणि एकूण उताराचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. एकूण उतार २४० सेंटिमीटर धरला तर २०, ४०, ६०, ६०, ४०, २०. आता गंमत बघा. ओहोटीच्या बरोबर मध्यावर उभं राहून ‘तीन तासांपूर्वी’ विचारलं, तर २०, ४०, ६० मिळून १२०च येतात. शिक्षकाचं उत्तर टिकलं. पण ‘एका तासापूर्वी’ विचारलं, तर ४० नाही, ६०. तिथे पोरगा जिंकला.

ज्या शिक्षकाच्या डोक्यात साइनचा वक्र, म्हणजे अशा चढउताराचा लाटेसारखा आलेख, पक्का आहे, तो घाबरत नाही. तो म्हणतो, “शाब्बास, मी सरासरी दर धरला होता. आता आपण पंप लावलेली टाकी घेऊ, ती सारख्या दराने रिकामी होते.” मग पोराला जवळ बोलावून सहा तासांचा आलेख काढायला लावतो. ज्याचं गणित कच्चं, तो म्हणतो, “खाली बस, पुस्तकात आहे ते लिही.” आणि गणित पक्कं पण वर्गाची सवय नाही, असा शिक्षक सातवीच्या फळ्यावर त्रिकोणमिती काढायला लागतो. दोन्हीकडे पोरगा हातचा गेला.

याच नियमाची दुसरी बाजू बघा. बी.एस्सी.ला रिंग, म्हणजे बेरीज-गुणाकाराच्या नियमांची अमूर्त रचना, शिकवताना उणे गुणिले उणेची सिद्धता सुरुवातीलाच होते. उणे ४० गुणिले (३ अधिक उणे ३) हे शून्य. कंस सोडवला की उणे १२० अधिक (उणे ४० गुणिले उणे ३) बरोबर शून्य. म्हणजे दुसरं पद अधिक १२० असल्याशिवाय गत्यंतर नाही. वितरणाचा, म्हणजे कंस सोडवण्याचा, नियम मोडायचा नसेल तर चिन्ह हेच. तीन ओळींचं काम! पण विद्यार्थी ही सिद्धता अक्षरांत लिहितो, गुण घेतो, आणि बी.एड.ला जाऊन सातवीच्या त्याच घटकाचं पाठटाचण काढतो तेव्हा त्याला ती आठवतही नाही. मधे दोन-तीन वर्षं गेली, कॉलेज बदललं, प्राध्यापक बदलले. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १९०८ मध्ये हेच दुखणं सांगितलं होतं. विद्यापीठात गेल्यावर शाळेचं गणित सुटतं, आणि शाळेत शिकवायला परतल्यावर विद्यापीठाचं. दोन्ही वेळा सांधा निखळतो.

एकत्रित पदवीचं मोल या सांध्यात आहे. एक वर्ष वाचतं हे खरं, पण तो वरचा फायदा.

आता आपल्या जिल्ह्यात बसून हा विषय काढला आणि मुरुडचं नाव घेतलं नाही, तर बरं दिसायचं नाही. १८७५ साल. दापोलीजवळच्या मुरुडचा धोंडो केशव कर्वे सरकारी परीक्षेला निघाला, साताऱ्याला, सोबत्यांबरोबर, पायी, कुंभार्ली घाटातून. शंभर मैलांच्या वर वाट. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण लागत. त्याला पूर्ण झालेली होती. पण अंगकाठी लहान, आणि तिथल्या अधिकाऱ्याने तो सतराचा दिसत नाही म्हणून बसूच दिलं नाही. आला तसा परत. हाच मुलगा पुढे १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागला. त्यांचेच नातलग, शेजारच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. कोकणातल्या पोरांना गणित येत नाही असं कोणी म्हटलं, तर एवढं सांगा.

साताऱ्याची हकीकत आणखी एका कारणाने सांगितली. आजही पोरं हुशारीवर अडत नाहीत, दाखल्यावर अडतात. केंद्रीय संस्थेत ओबीसी राखीव जागा हवी असेल, तर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला चालत नाही. जात राज्याच्या यादीत आहे म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असंही नाही. ते आधी तपासा. अर्जाची मुदत बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत किंवा लगेच पाठोपाठ येते आणि त्याच दिवसांत सेतू केंद्रात रांग असते. पालकांनो, हे काम दिवाळीतच उरकून टाका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग मूळ विषय भराभर घेतो. मुलांनो, लिहून घ्या.

जुना रस्ता म्हणजे तीन वर्षं बी.एस्सी. आणि दोन वर्षं बी.एड., एकूण पाच. बी.एड.च्या प्रवेशाला पदवीत किमान ५० टक्के आणि राज्याची सीईटी. हा रस्ता वाईट नाही. ज्याला शिक्षक व्हायचं की नाही हे बारावीत ठरवता येत नाही, त्याने हाच घ्यावा. नवा रस्ता म्हणजे चार वर्षांचा आयटेप, शिक्षक घडवणारा एकत्रित अभ्यासक्रम, बी.एस्सी. बी.एड. याचे नियम २०२१ मध्ये आले, अभ्यासक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला. आठ सत्रं, १६० क्रेडिट. अडचण आली तर सहा वर्षांच्या आत पुरा करता येतो. प्रवेश एनसीईटी या परीक्षेतून, ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते आणि ती मराठीतूनही देता येते. फॉर्ममध्ये विषय निवडताना गणित घ्यायला विसरू नका, आणि टप्पा ‘माध्यमिक’ आहे ना, ते बघा. पायाभूत किंवा पूर्वतयारी, म्हणजे पाचवीपर्यंतच्या, टप्प्याची पदवी घेऊन नववी-दहावीचा वर्ग मिळत नाही.

अकरावीत जीवशास्त्रासाठी ज्यांनी गणित सोडलं, त्यांची ही वाट तिथेच बंद होते. हे दहावीच्या पालकांना सांगा, बारावीत कळून उपयोग नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची, प्रादेशिक संस्था भोपाळला आहे. तिथे चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आयटेपच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. म्हैसूरच्या संस्थेने सहा वर्षांची एम.एस्सी. एड. चालवली. त्याचं महत्त्व असं की अकरावी-बारावीला शिकवायला एम.एस्सी. लागतेच. चार वर्षांची पदवी दहावीपर्यंत नेते. कनिष्ठ महाविद्यालय डोक्यात असेल तर पुढची दोन वर्षं आजच हिशेबात धरा.

कॉलेज निवडताना एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या, मान्यतेचं पत्र मागा. मान्यता त्या अभ्यासक्रमाला, त्या टप्प्याला आणि ठरावीक जागांना असते. संस्थेला मान्यता आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

सरावपाठांबद्दल तळमळीने एक सांगतो. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतले वीस आठवडे आहेत, पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. हे सोळा जून ते ऑक्टोबरमध्ये बसवले की गणपतीची सुट्टी, चाचण्या आणि सहामाही परीक्षा यांनी त्याचे तुकडे होतात. वर शाळा दहावीचा वर्ग देत नाहीत, बोर्डाची भीती असते. मग दहावीची भूमिती एकदाही न शिकवता माणूस शिक्षक होतो. मुख्याध्यापक इथे असतील तर हात जोडून विनंती आहे, दहावीचा वर्ग नका देऊ, पण नववीची भूमिती तरी सलग सहा आठवडे द्या. एक प्रमेय शिकवायचं, वह्या तपासायच्या, कुठे चुकलं ते बघून पुन्हा शिकवायचं. हा फेरा पूर्ण झाल्याशिवाय शिक्षक घडत नाही.

शेवटचं, नोकरीचं. आपल्याकडची हायस्कुलं बहुतेक पाचवी ते दहावी. आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, गणित-विज्ञान गट, १५० पैकी खुल्या गटाला ९० गुण. सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही देता येते, ती देऊन टाका. अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून, २०० गुणांच्या टेटच्या, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, आधारे होते. त्यात वेगाची परीक्षा आहे. उणे गुणिले उणे का अधिक, हे तिथे कोणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी चिठ्ठी आली. ज्या आयांनी मघाशी दारात विचारलं, मुलीला एवढ्या लांब एकटीला कसं पाठवायचं, त्यांना सांगतो. मंगला एक्सप्रेस रत्नागिरीहून थेट भोपाळला जाते, गाडी बदलावी लागत नाही. आणि दाखल्यांची यादी बाहेरच्या फळ्यावर लावली आहे, जाताना फोटो काढून न्या.