चिरेबंदी दिसणारं लाकडी घर

लांबून पाहाल तर चिरेबंदी वाडा. जवळ जाऊन भिंतीवर बोट टेकवा, ते लाकूड निघतं. पाईनच्या फळ्यांना चिऱ्यांच्या सांध्यांसारख्या खाचा पाडल्या, वर रंग दिला आणि तो ओला असतानाच त्यावर वाळू मारली. घरमालकाला दगडाचा थाट हवा होता. मालक म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष.

हे माउंट व्हर्नन. व्हर्जिनियात, पोटोमॅक नदीच्या काठी.

१७९९ साली वॉशिंग्टन याच घरात वारले. मागच्यांना हा पसारा झेपेना. शेतीत राम उरला नाही, बघ्यांची रीघ मात्र थांबेना. १८५३ साली एक बाई आगबोटीतून इथून जात होत्या. घराची रया गेलेली पाहून त्यांनी लेकीला कळवलं: पुरुषांना हे घर राखता येत नसेल, तर बायकांनी का राखू नये?

लेक होती अ‍ॅन पामेला कनिंगहॅम. घोड्यावरून पडल्यापासून अधू. घर वाचवायला एकत्र या, असं तिने वर्तमानपत्रातून बायकांना आवाहन केलं, तेही स्वतःचं नाव न घालता. चारचौघांत नाव येणं तेव्हा घरंदाज बाईला शोभत नसे. वारसदाराने हे घर केंद्र सरकारला देऊ केलं होतं, राज्यालाही. कुणी घेतलं नाही. १८५८ साली तिच्या हाकेला ओ देणाऱ्या बायकांनी २ लाख डॉलरला, २०० एकरांसह, सौदा केला. मतदानाचा हक्क मिळायला त्यांना अजून ६२ वर्षं होती! आजही मालकी त्यांच्याच संस्थेकडे आहे, आणि सरकारी पैसा ती घेत नाही.

इथवर गोष्ट ऐकायला छान आहे.

पण वॉशिंग्टन गेले त्या वर्षी या मळ्यांवर ३१७ गुलाम होते. त्यांची दफनभूमी मालकाच्या समाधीपासून चार पावलांवर, झाडीत. कबरींवर नावं नाहीत. १९२९ साली संस्थेने तिथे एक शिळा बसवली. ती खऱ्या दगडाची होती, पण तिच्यावर कोरलं ‘इमानी नोकर’. ‘गुलाम’ हा शब्द दगडावर यायला १९८३ साल उजाडलं. तेव्हा शेजारी दुसरं स्मारक उभं राहिलं.

२०१४पासून पुरातत्त्वज्ञ इथली माती वरवर खरवडतात. रंग बदलला की खाली कबर आहे हे कळतं. तिची नोंद होते आणि ती न उघडता माती पुन्हा लोटली जाते.